आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण आपण बेपर्वा कारभाराची थट्टा करण्यासाठी योजितो. परंतु पुणे-नगर रस्त्यावरील सुप्यासारख्या गावी ती थट्टा न राहता अक्षरशः खरी ठरावी, अशी परिस्थिती आहे. पारनेर तालुक्यातील या गावाच्या शिवारात आज औद्योगिक वसाहत उभी आहे. हमरस्त्याच्या दोहो बाजूंस दुकाने, गोदामे व उपाहारगृहे दाटीने वाढली आहेत. एकीकडे कडब्याच्या गंज्या, दुसरीकडे तेल, रंग, प्लॅस्टिक व गॅसच्या टाक्या यांचे साठे, असा जुन्या व नव्या सरपणाचा संगम येथे झाला आहे. अशा ठिकाणी अग्निशमनाच्या जुन्या साधनांचे एक लोकसंग्रहालय निघावे व त्यास जोडून आगीपासून बचावाचे शिक्षण देणारा वर्ग कायम चालावा, अशी आमची सूचना आहे.

ही सूचना ऐकून काही व्यवहारी गृहस्थ हसतील. गावात बंब पुरेसे नाहीत, आणि तुम्ही जुने मोडके बंब मांडून काय करणार, असे ते विचारतील. प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर प्रथम देतो. बंब कितीही वाढले तरी आग लागल्यापासून बंब दारी येईपर्यंतचा जो वेळ, तो कोणत्याही सरकारच्या हाती नसून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती असतो. अहिल्यानगर शहर सुप्याहून तीस-पस्तीस किलोमीटर दूर आहे. बंब तेथून निघो की अगदी जवळच्या वसाहतीतून निघो, पहिल्या पाच-दहा मिनिटांत दुकानातील नोकराने काय केले, यावरच दुकान राहते की जाते हे ठरते. ही पाच-दहा मिनिटे कशी वापरावी, हे आमच्या लोकांस कोणी शिकविलेले नाही. संग्रहालय हवे ते याकरिता.

कायद्याची स्थितीही पाहण्यासारखी आहे. १९९२ च्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेस जे बारावे परिशिष्ट जोडले, त्यातील नगरपालिकांच्या १८ विषयांत अग्निशमन सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. ग्रामपंचायतींसाठी जोडलेल्या अकराव्या परिशिष्टात २९ विषय आहेत. त्यांत मात्र अग्निशमनाचे नाव नाही. जणू आग ही फक्त शहराची वेस ओळखते! तथापि त्याच अकराव्या परिशिष्टात शिक्षण, ग्रंथालये व सांस्कृतिक कार्य हे विषय आहेत. म्हणजे ग्रामपंचायतीस हे काम हाती घेण्यास घटनेनेच वाट ठेविली आहे.

दुसरा कायदा महाराष्ट्राचा, २००६ सालचा, आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा. ज्या इमारतींस तो लागू आहे, तेथे ही साधने बसविण्याची व ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर अथवा भोगवटादारावर आहे. साधने ठीक असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक अभिकरणाकडून घेऊन ते दरवर्षी जानेवारीत व जुलैत सादर करावयाचे असते. कायदा चांगला आहे. परंतु भिंतीवरील लाल नळकांडे कसे चालवावे हे ज्या दुकानात एकासही ठाऊक नाही, त्या दुकानात ते प्रमाणपत्र आगीत जळणारा आणखी एक कागद होय!

हे आम्ही भय घालण्यासाठी लिहीत नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी आमच्याच जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात करोनाच्या अतिदक्षता कक्षास आग लागून किमान ११ रुग्ण प्राणास मुकले. त्याच वर्षी ९ जानेवारीस भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालके गेली. अशा प्रसंगी चार दिवस शोक होतो, चौकशी नेमली जाते, आणि पाचव्या दिवशी आपण पुन्हा जिन्याखाली खोकी रचू लागतो. विस्मरण हा आमचा खरा शत्रू आहे, आणि विस्मरणावर औषध म्हणूनच संग्रहालये असतात.

आता तेथे पाहण्यासारखे काय असावे? प्रथम 'बंब' हा शब्दच घ्यावा. तो पोर्तुगीजांच्या 'बोंबा' म्हणजे पंप या शब्दावरून आला. हाताने दाबावयाच्या जुन्या बंबात दोन नळ्या असत. आडव्या दांड्यांच्या दोन्ही अंगांस माणसे उभी राहून आळीपाळीने जोर देत, आणि मधल्या हवेच्या कोठीमुळे पाण्याची धार न तुटता सलग निघे. ॲमस्टरडॅमच्या यान व्हान डर हायडेन याने १६७० नंतरच्या दशकात चामड्याची लवचीक नळी प्रचारात आणिली. तेव्हापासून धार ज्वाळेच्या मुळापर्यंत नेता येऊ लागली. असा एक हातबंब चालू स्थितीत ठेवून शाळेच्या मुलांकडून चालवावा. वीस मुलांनी मिळून एक धार काढली म्हणजे आग विझविणे हे एकट्याचे काम नव्हे, हा धडा त्यांस व्याख्यानावाचून मिळेल. त्याच्या शेजारी पखाली, चामड्याच्या बादल्या, पेटते छप्पर ओढून काढण्याचे लांब दांड्याचे आकडे, पितळी शिरस्त्राणे यांची रांग असावी.

त्यासोबत महाराष्ट्राचा आगीचा इतिहास मांडावा. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या कोटातील वस्तीचा मोठा भाग जळाला. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी शनिवारवाड्यास लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली, व पेशव्यांच्या वैभवाचे केवळ तट आणि जोती आपल्यासाठी उरली. आणि १४ एप्रिल १९४४! मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजावर कापसाच्या गाठी व स्फोटके एकत्र भरली होती. दुपारी धूर दिसला. चार वाजल्यानंतर दोन प्रचंड स्फोट झाले. आग विझविण्यास गेलेले ६६ अग्निशामक त्या दिवशी मृत्यू पावले. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो त्यांच्या स्मरणार्थ. कोणता माल कोणत्या मालाशेजारी ठेवू नये, हे व्यापाऱ्यास शिकविण्यास याहून दारुण उदाहरण नाही.

परंतु केवळ पाहून परतणे उपयोगाचे नाही. न्यूयॉर्कचे अग्निशमन संग्रहालय १९०४ साली बांधलेल्या जुन्या बंबखान्यात थाटले गेले, आणि तेथे शाळेच्या मुलांस आगीतून सुटण्याचे धडे दिले गेले. सुप्यासही तसेच व्हावे. पेटत्या तेलावर पाणी ओतल्यास आग पसरते, म्हणून कढईवर झाकण घालावे. विजेची आग असल्यास प्रथम मुख्य खटका बंद करावा. गॅसचा वास आल्यास दिवा लावू अथवा मालवू नये, टाकीचा खटका बंद करून दारे-खिडक्या उघडाव्या. धुरात उभे न राहता जमिनीलगत सरपटत बाहेर पडावे. आणि १०१ क्रमांकावर ठिकाण नीट सांगावे. पाच वाक्ये आहेत. पण ती हाताने करून पाहिल्याखेरीज आणीबाणीत आठवत नाहीत.

पैशाचे काय? २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यास लावावयाची असते, आणि जेथे कारखाना आहे त्या परिसरास प्राधान्य द्यावे, असेही त्याच कलमात म्हटले आहे. शिक्षण, वारसा-रक्षण व आपत्ती-व्यवस्थापन ही तिन्ही कामे त्या कायद्याच्या यादीत बसतात. तेव्हा वसाहतीतील कारखानदारांपुढे हात पसरावयाचे कारण नाही. कायद्याचे पान पुढे करावे म्हणजे झाले. जागा ग्रामपंचायतीने द्यावी, विश्वस्त निधी रीतसर नोंदवावा, हिशेब दरवर्षी चावडीवर लावावा. जुनी साधने पालिकांच्या भंगारात जाण्यापूर्वी मागून घ्यावी. शिक्षक लागल्यास राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून आमच्याच नागपुरास आहे.

लष्कराने १९९४ साली नगरास रणगाड्यांचे संग्रहालय उभारिले, आणि ते पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. युद्धाच्या यंत्रांस जो मान, तो प्राण वाचविणाऱ्या यंत्रांस का नसावा? ज्या पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीने सरकारची वाट न पाहता श्रमदानाने पाणी अडविले, त्या तालुक्यास आग अडविण्याचे शिक्षण जड जाऊ नये. येत्या अग्निशमन सप्ताहातील बाजाराच्या दिवशी सुप्याच्या व्यापाऱ्यांनी, ग्रामपंचायतीने व कारखानदारांनी एकत्र बसावे आणि एक बंब, एक खोली व एक शिक्षक एवढ्यावर आरंभ करावा. आग लागल्यावर विहीर खणणाऱ्यास जग हसते. आज आग लागलेली नाही. म्हणूनच आज खणण्यास सवड आहे.