विमानतळावर चालते, मग डिस्नेत का नको?

मुंबईहून अमेरिकेचं तिकीट काढताना मुलं आई-बाबांसाठी व्हीलचेअरची सोय आवर्जून मागून घेतात आणि दोघंही त्या खुर्चीत विनातक्रार बसतात. इमिग्रेशनची लांबलचक रांग, पुढच्या विमानाचं गेट शोधायची धावपळ, इंग्रजीतली प्रश्नोत्तरं, सगळ्यातून ती खुर्ची त्यांना सुखरूप पार नेते. त्यात कुणालाच कमीपणा वाटत नाही. पण तेच आई-बाबा नातवंडांबरोबर फ्लोरिडात डिस्ने वर्ल्डला निघाले आणि कुणी व्हीलचेअरचं नाव काढलं, की उत्तर ठरलेलं : "मला काय झालंय? रोज सकाळी तासभर फिरते मी." मग मुलंही विषय सोडून देतात. दुपारी दोनच्या सुमाराला आई एखाद्या बाकावर बसलेली असते आणि म्हणत असते, "तुम्ही या जाऊन, मी इथंच बरी."

यंदा आई-बाबांना घेऊन डिस्ने वर्ल्डला जाणार असाल, तर हा विषय सोडू नका. घरून निघण्याआधीच ठरवून टाका.

तिथं चालणं किती असतं, हे आधी समजून घ्या. डिस्ने वर्ल्डमध्ये चार थीम पार्क आहेत. त्यांतल्या एपकॉटमध्ये अकरा देशांची दालनं एका तळ्याभोवती मांडली आहेत. ती एक फेरीच जवळजवळ दोन किलोमीटरची. मॅजिक किंगडमला स्वतःच्या गाडीनं गेलात, तर पार्किंगमधून आधी मोनोरेल किंवा बोट घ्यावी लागते आणि मग दार येतं. रात्रीपर्यंत आठ-दहा किलोमीटर सहज होतात. त्यातही चालण्यापेक्षा उभं राहणं जास्त छळतं. सकाळी तासभर फिरणाऱ्या गुडघ्यांना रांगेतला पाऊण तास जड जातो. शिवाय आई-बाबा बहुधा नातवंडांच्या उन्हाळी सुट्टीत येतात आणि तेव्हा फ्लोरिडात भयंकर उकाडा असतो, दुपारी गडगडाटी पाऊस असतो.

आता, ढकलायची व्हीलचेअर घ्यायची की बॅटरीवर चालणारी स्कूटर? आधी घरातले हात मोजा. दोन मोठी माणसं, एक बाबागाडी आणि एक व्हीलचेअर असेल, तर दोघांचेही हात अडकले. पाच वर्षांच्या नातीचा हात कोण धरणार? चढावर आणि उन्हात माणूस बसलेली खुर्ची दिवसभर ढकलणं हे अंगमेहनतीचं काम आहे. अशा वेळी आजोबांची नजर चांगली असेल, मान वळत असेल आणि ब्रेकचं भान असेल, तर स्कूटर उत्तम. नजर अधू असेल, विसरायला होत असेल किंवा गर्दीत गांगरायला होत असेल, तर स्कूटरच्या भानगडीत पडू नका. व्हीलचेअर घ्या आणि ढकलायच्या पाळ्या लावा.

भाड्यानं घ्यायचे दोन मार्ग आहेत. पार्कच्या आत दाराजवळच व्हीलचेअर आणि स्कूटर दोन्ही मिळतात. स्कूटरचं भाडं व्हीलचेअरच्या कितीतरी पट असतं आणि वर अनामत रक्कम ठेवावी लागते. दर बदलत असतात, म्हणून जाण्याआधी एकदा पाहून घ्या. तिथं आगाऊ नोंदणी होत नाही. जो आधी येईल त्याला मिळते, त्यामुळे गर्दीच्या दिवशी उशिरा पोचलात तर स्कूटर संपलेल्या असू शकतात. चालवणारा अठरा वर्षांचा हवा आणि मांडीवर नातवंडाला बसवता येत नाही. मुख्य म्हणजे ही स्कूटर त्या पार्कबाहेर नेता येत नाही. म्हणजे पार्किंगपासून दारापर्यंतचं आणि रात्री दमल्यावर परतीचं चालणं शिल्लक राहतंच.

दुसरा मार्ग बाहेरच्या दुकानांचा. ती हॉटेलवर स्कूटर आणून देतात आणि नंतर घेऊन जातात. दोन-तीन दिवस राहणार असाल तर हेच सोयीचं. डिस्नेच्या बसमध्ये स्कूटर आणि व्हीलचेअर चढवायची सोय असते. ठरवताना विचारून घ्या : किती वजन झेपतं? वाटेत बंद पडली तर बदलून देणार का? देताना-घेताना कुणी हजर राहावं लागतं का? सुटी करून गाडीच्या डिकीत मावते का? आणि रात्री चार्जिंगला लावायचं काम घरातल्या एकाच माणसाच्या नावावर टाका. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही.

स्कूटर आल्यावर लगेच गर्दीत नेऊ नका. मोकळ्या जागी थोडा सराव करू द्या. यातल्या बहुतेक गाड्यांना हँडलजवळ खटका असतो. तो दाबला की गाडी चालते, सोडला की थांबते. घाबरलेला माणूस मूठ अधिकच आवळतो आणि गाडी पुढच्याच्या पोटऱ्यांवर जाते. म्हणून "थांबायचं म्हणजे सोडायचं" एवढं एकच वाक्य घोकून घ्या. वेग अगदी कमी ठेवा. पदर, ओढणी, शाल नीट खोचून घ्या, चाकात जायला वेळ लागत नाही. वाटेत कुठं रूळ लागले, तर जपून. ते तिरपे ओलांडले तर पुढचं चाक अडकू शकतं, सरळ ओलांडा.

व्हीलचेअरचे नियमही सोपे. उठता-बसताना ब्रेक लावा, उठण्याआधी पायाची पाटी वर करा, मागच्या मुठींना जड पिशव्या अडकवू नका, नाहीतर माणूस उठताच खुर्ची मागे कलंडते. उतार तीव्र असेल तर खुर्ची उलटी करून उतरवा. तासाभरानं त्यांना उठवून चार पावलं चालवा, नाहीतर पायांना सूज येते. मधुमेह असेल तर याकडे जास्तच लक्ष द्या.

खुर्चीवर बसलं की रांग चुकते, हा गैरसमज काढून टाका. बऱ्याच ठिकाणी खुर्ची रांगेतूनच जाते. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'सारख्या काही राइडमध्ये व्हीलचेअरसकट बसता येईल अशी बोट असते, काही ठिकाणी स्कूटर सोडून व्हीलचेअरवर बसावं लागतं, तर काही ठिकाणी उठून राइडच्या आसनात बसावं लागतं. तिथले कर्मचारी माणसाला उचलून बसवत नाहीत. ते घरच्यांनाच करावं लागतं. म्हणून आदल्या रात्री नकाशा समोर घेऊन आईला काय बघायचंय ते विचारा आणि त्याच राइडचे नियम वाचून ठेवा.

हे विचारणं खुर्चीइतकंच महत्त्वाचं आहे. खुर्चीतला माणूस म्हणजे सामान नव्हे. न सांगता खुर्ची वळवू नका, त्यांच्या डोक्यावरून आपसांत बेत ठरवू नका, थांबायचं कुठं ते त्यांना ठरवू द्या. ढकलणाऱ्याला घाम फुटलेला असतो तेव्हा बसलेल्याला एसीच्या थिएटरात थंडी वाजत असते, हेही ध्यानात ठेवा.

आणि आजी-आजोबा, शेवटची विनंती तुम्हाला. स्कूटर घेतली म्हणून दिवसभर बसून राहायचं असं काही नाही. ती बाहेर उभी करून हवं तिथं पायी जा. पण सकाळीच दमून घेऊ नका. तुम्ही बाकावर बसून राहिलात, तर तुमच्यासोबत कुणीतरी मागे राहतं किंवा सगळेच लवकर परततात. रात्रीच्या आतषबाजीला नातवंडांशेजारी तुम्ही हवे आहात. तेवढ्यासाठी सकाळी दारातच खुर्ची घ्या.