सी-आर्म आला, शिशाचा ॲप्रन कुणाला?

सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात नवं एक्स-रे यंत्र आलं की फीत कापली जाते, नारळ फुटतो, पेपरात फोटो येतो. फोटोत आमदार असतात, अधिष्ठाता असतात, डॉक्टर असतात. ऑपरेशनच्या वेळी पेशंटचा मोडलेला पाय ओढून धरणारे मामा आणि ट्रॉली ढकलणाऱ्या मावशी त्या फोटोत कधीच नसतात. पण यंत्र सुरू झाल्यावर त्याच खोलीत ते रोज उभे असतात. आमचा प्रश्न त्यांच्याबद्दल आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही यंत्राच्या विरोधात नाही. सी-आर्म म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारखं वळलेलं एक्स-रे यंत्र. ऑपरेशन चालू असतानाच हाडाचं चित्र पडद्यावर दिसतं. त्यामुळे मांडीचं हाड मोडलं तर सगळी मांडी न उघडता, छोट्या छेदातून आत रॉड बसवता येतो. रक्त कमी जातं, जखम लहान राहते, माणूस लवकर उभा राहतो. परातीवरून पडलेल्या बिगाऱ्याला लवकर उभं राहणं म्हणजे काय, हे आपल्या वस्तीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मजुरी बुडाली की चूल थंड. म्हणून हे यंत्र, आणि मणक्याच्या ऑपरेशनसाठी त्रिमितीय चित्र देणारी त्याहून नवी यंत्रंही, जिल्हा रुग्णालयात आलीच पाहिजेत. ती फक्त शहरातल्या बड्या खाजगी दवाखान्यांची मिरास राहता कामा नयेत.

बाबासाहेबांची भूमिकाही हीच होती. १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली. माणसाला पशूच्या जिण्यातून सोडवून फुरसत द्यायची तर यंत्र हवं. दोष यंत्राचा नाही, खाजगी नफ्याला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. तोच निकष आपण ऑपरेशन थिएटरला लावू या.

सी-आर्मचा पेडल पायाने दाबला की किरण सुरू होतात. ते पेशंटच्या शरीरावर आदळून आजूबाजूला विखुरतात. थिएटरमधल्या माणसांना मुख्यतः या विखुरलेल्या किरणांचाच डोस मिळतो. अंतर दुप्पट केलं की तो साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून जो मागे सरकू शकतो तो सुरक्षित. पाय धरून उभा असलेला माणूस मागे सरकू शकत नाही. सर्जनही जवळ असतो, हे खरं. पण त्याच्या अंगावर ॲप्रन असतो, गळ्याला थायरॉइड कॉलर असते. ॲप्रन तीन आणि माणसं सहा असतील, तर कुणाच्या वाट्याला काय येतं हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

हा इतिहास जुना आहे. रोंटगेनने १८९५ साली क्ष-किरण शोधले, १९०१ साली त्याला भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल मिळालं. त्याच काळात अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत क्लॅरन्स डॅली नावाचा सहायक होता, मूळचा काचकाम करणारा कारागीर. प्रयोगासाठी तो वारंवार आपले हात किरणांखाली धरायचा. त्याचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ साली तो मेला. एडिसनने घाबरून क्ष-किरणांचं काम सोडलं. मालकाला काम सोडता आलं. सहायकाला जीव सोडावा लागला.

आपल्याकडे या विषमतेला जात जोडलेली आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण तुटलेला धागा थुंकीने ओला करून जोडावा लागे आणि त्याचा विटाळ होई. जास्त पगाराचं यंत्र बंद, घाणीचं आणि धोक्याचं काम खुलं. आज रुग्णालयात झाडू, स्ट्रेचर आणि थिएटरची वरकड कामं ठेकेदारीवर गेली आहेत. ती करायला कोणत्या वस्त्यांतून माणसं येतात, हे तुम्हीही जाणता.

कायदा नाही असं नाही. अणुऊर्जा (किरणोत्सर्ग संरक्षण) नियम २००४ पासून आहेत, त्यावर देखरेख करायला मुंबईत अणुऊर्जा नियामक मंडळ आहे. किरणोत्सर्गात काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० ही मर्यादा आहे. सामान्य माणसासाठी ती वर्षाला १ आहे. कामगाराचा डोस मोजायला छातीवर टीएलडी बॅज लावतात आणि तो ठरावीक काळाने तपासणीला जातो. आता विचार करा. ज्या कंत्राटी मामांना बॅजच दिला नाही, त्यांचा डोस कुणी मोजला? नोंद नाही म्हणजे उद्या आजार झाला तर पुरावा नाही. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात किरणोत्सर्गाचे आजार व्यावसायिक आजार मानले आहेत. पण ज्याचं नाव रजिस्टरमध्येच नाही, तो ही भरपाई कशाच्या जोरावर मागणार?

काही मित्र म्हणतील, ‘अरे, आपल्या तालुक्याला अजून यंत्रच नाही, तुम्ही बॅज काय मागता?’ आम्हाला हा युक्तिवाद मान्य नाही. यंत्राची किंमत मोठी असते. तिच्या तुलनेत ॲप्रनची आणि बॅजची किंमत किरकोळ आहे. परवडत नाही म्हणून ते राहत नाहीत. ती माणसं मोजलीच जात नाहीत, म्हणून राहतात. आणि कामगाराचा बळी देऊन गरीब पेशंटला सोय मिळते, हेही खोटं. पेशंट आणि मामा एकाच वस्तीतले असतात.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्हा रुग्णालयात माहितीच्या अधिकारात पाच गोष्टी विचाराव्यात. सी-आर्मला नियामक मंडळाची परवानगी आहे का? गुणवत्ता चाचणी शेवटची कधी झाली? थिएटरमध्ये ॲप्रन किती, थायरॉइड कॉलर किती, आणि ॲप्रनना आतून तडे गेलेत का हे कधी तपासलं? (घडी घालून कोंबलेल्या ॲप्रनमधलं शिसं तडकतं, ते वरून दिसत नाही.) टीएलडी बॅज किती जणांना दिले, त्यात कंत्राटी किती? आणि यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाची पदं भरलेली आहेत की रिकामी?

उत्तरं आली की ती घेऊन कामगार संघटनेकडे जा, मामा-मावशींबरोबर बसा, त्यांना वाचून दाखवा. निवेदन त्यांच्या सहीने जाऊ द्या. आपली मागणी साधी असावी: थिएटरमध्ये जितकी माणसं, तितके ॲप्रन, तितके बॅज, मग माणूस कायम असो की ठेक्यावरचा. हे होत नाही तोवर रुग्णालयात यंत्र आलं एवढंच म्हणता येईल. तंत्रज्ञान स्वीकारलं असं म्हणता येणार नाही.

जय भीम!