हजारातले आठ

वीस वर्षे आम्ही जमाखर्चाच्या वह्या लिहितो आहोत, तरी माणसाच्या जिवाचा जमाखर्च कोणी मांडला की आम्हाला राग येतो. अमेरिकेतील संशोधकांनी २०२१ साली तो मांडला. राग आवरून वाचला, आणि वाचला ते बरे झाले.

तापखोकल्याला, रक्तदाबाला लोक ज्या नेहमीच्या डॉक्टरकडे जातात, तिथेच आत्महत्येचा धोका ओळखता येईल काय, हा प्रश्न होता. तिकडे आत्महत्या करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे अखेरच्या महिन्यात अशा डॉक्टरला भेटलेले असतात. पेशंटच्या जुन्या नोंदींवरून संगणक अंदाज बांधतो. पण तो किती अचूक असला म्हणजे खर्च परवडेल?

उत्तर वाचून आम्ही चाट पडलो. धोका नसलेल्या शंभरातील ९५ जणांना बरोबर वगळले आणि वर्षभरात प्रयत्न करणाऱ्या शंभरातील १७ जरी हेरले, तरी खर्च वसूल! म्हणजे ज्यांच्या नावापुढे खूण झाली, अशा हजारात खरे आठच. ९९२ खुणा चुकीच्या. आमच्या कचेरीत एवढ्या चुका झाल्या तर साहेब मेमोच देतील.

मग परवडते कसे? कारण उपाय स्वस्त आहे : फोन करणे, पुन्हा बोलावणे, विचारपूस ठेवणे. तज्ज्ञाबरोबर अनेक बैठकांचा महाग उपचार द्यायचा, तर हजारात १७ खरे निघावे लागतात. (निरोगी आयुष्याच्या एका वर्षाला दीड लाख डॉलरपर्यंत खर्च चालेल, असे त्यांनी धरले. तो भाव तिकडचा.)

विचारपूस म्हणजे फुसकी गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतील पाच ठिकाणी, प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांची पाहणी केली. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. काहींना नेहमीचेच उपचार मिळाले. काहींना त्याखेरीज तासभर समजावून सांगितले आणि दीड वर्षात नऊ वेळा फोन केला वा भेट दिली. आत्महत्येने गेले ते पहिल्या गटात शेकडा २.२, दुसऱ्यात ०.२.

आमची हरकत वेगळीच आहे. खूण कागदावर राहते. 'डोक्याचा पेशंट' असा चाळीत बोभाटा झाला, तर त्या ९९२ मधल्या एखाद्या पोरीचे लग्न मोडेल, कोणाची नोकरी जाईल. हा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा? कागद डॉक्टरपाशीच राहील, याची हमी आधी हवी.

घरात कोणी बोलेनासे झाले असेल, तर मात्र संगणकाची वाट पाहू नका. सरकारचा टेलि-मानस फोन २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलतात.