राष्ट्रपतींवर खटला आणि काकांचे पाच हजार

मागचा शनिवार-रविवार शिर्डीत गेला. म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी जातोच, गाव आहे आमचं. लोक दर्शनाला येतात, मी पोटभर जेवायला येतो, असं आई म्हणते. तर शनिवारी सकाळी चुलतभावाच्या लॉजसमोरच्या टपरीवर चहा घेत उभा होतो. तिथे रोज सकाळी साडेसातला संसद भरते. लॉजवाले, हार-प्रसादवाले, रिक्षावाले आणि रिटायर झालेले दोन गुरुजी हे कायमचे सभासद.

त्या दिवशीचा विषय ट्रंप. "चौतीस गुन्ह्यांत दोषी ठरला, तरी बसला ना परत खुर्चीवर? आपल्याकडं राष्ट्रपतीला आत टाकता येतं का हो?" यावर अर्धा तास जुंपली. एक म्हणाला कायदा सगळ्यांना सारखा, दुसरा म्हणाला कसला सारखा, २०१७ साली विमानतळाच्या उद्घाटनाला राष्ट्रपती आले तेव्हा तुझी रिक्षा तरी रस्त्यावर येऊ दिली का? शेवटी सगळे माझ्याकडे वळले. कॉम्प्युटरवाल्याला सगळं माहीत असतं अशी आमच्या गावात एक गोड समजूत आहे.

मंडळी, या प्रश्नावर आपल्याकडे वाद घालायला जागाच नाही. घटनेचं कलम ३६१ काढा. त्याचं दुसरं उपकलम एका वाक्याचं आहे: राष्ट्रपती किंवा राज्यपाल पदावर असेपर्यंत त्यांच्यावर कुठल्याही कोर्टात फौजदारी कारवाई सुरू करता येत नाही, आणि चालू असलेली पुढे नेता येत नाही. तिसऱ्या उपकलमात अटकही नाही. राष्ट्रपतींना काढायचंच असेल तर कलम ६१ चा महाभियोग आहे, तोही घटनाभंगासाठी, दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांनी. आजवर एकदाही झालेला नाही.

अमेरिकेत असं वाक्य घटनेत नाही, म्हणून तिथे चघळायला विषय आहे. त्यांच्या न्याय खात्याने १९७३ साली, निक्सनच्या काळात, एक टिपण लिहिलं की पदावरच्या अध्यक्षावर आरोपपत्र ठेवता येत नाही. २००० साली तेच पुन्हा सांगितलं. त्या टिपणाच्या जोरावर नोव्हेंबर २०२४ मध्ये, निवडणूक जिंकल्यावर, ट्रंपवरचे केंद्राचे दोन्ही खटले गुंडाळले गेले. त्याआधी १ जुलै २०२४ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टाने पदावर असताना केलेल्या अधिकृत कामांना पद सोडल्यावरही संरक्षण देऊन टाकलं. तिकडे काय जळायचं ते जळो.

आपल्याकडेही ही चर्चा होऊन गेलेली आहे, आणि तीही मराठी माणसावरून. २००७ साली जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपतिपदाला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्याशी संबंधित महिला सहकारी बँकेच्या कर्जांवरून विरोधकांनी रान उठवलं. त्यांनी आरोप नाकारले. त्या निवडून आल्या, पाच वर्षं राहिल्या, २०१२ ला निवृत्त झाल्या. पण २००७ च्या जुलैत याच टपरीवर "आता पाच वर्षं कोणी हात लावू शकत नाही" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं! म्हणणारे खरंच सांगत होते. माझा मुद्दा असा की ते नको तिथे चिडत होते.

कारण राष्ट्रपतींच्या या कवचाला एक्स्पायरी डेट आहे. पद संपलं की कवच संपलं. कल्याणसिंहांचं उदाहरण घ्या. बाबरी १९९२ ला पडली. एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने नेत्यांवरचा कटाचा आरोप पुन्हा जिवंत केला, पण कल्याणसिंह तेव्हा राजस्थानचे राज्यपाल. कोर्टाने स्पष्ट लिहिलं की ते राज्यपाल असेपर्यंत थांबा, पद सोडलं की आरोप ठेवा. सप्टेंबर २०१९ मध्ये पद सुटलं आणि त्याच महिन्यात आरोप ठेवले गेले. पुढे २०२० मध्ये सगळेच निर्दोष सुटले, तो वेगळा भाग. (राज्यपालांना हे कवच कशाला हवं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. राष्ट्रपती निदान निवडून येतात. राज्यपाल दिल्लीहून नेमले जातात, आणि २०२४ साली पश्चिम बंगालच्या राजभवनातल्या एका कर्मचारी बाईने थेट राज्यपालांवर विनयभंगाची तक्रार केली तेव्हा पोलीस याच कलमाशी येऊन अडले. राज्यपालांनी आरोप नाकारला. त्या बाई सुप्रीम कोर्टात गेल्या आणि जुलै २०२४ मध्ये कोर्टाने या कलमाची व्याप्ती तपासायचं कबूल केलं.)

आता ज्या कवचाला एक्स्पायरी नाही त्याबद्दल. त्याचं नाव मंजुरी. मुख्यमंत्री, मंत्री, अधिकारी, कारकून, यांना कलम ३६१ नाही. पण भ्रष्टाचाराचा खटला भरायचा तर ज्याला त्यांना पदावरून काढायचा अधिकार आहे त्याची परवानगी लागते. ती मिळेपर्यंत कोर्ट दखलच घेत नाही.

महाराष्ट्राने हे सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्या प्रमाणावर पाहिलं ते अंतुल्यांच्या वेळी. १९८१. सिमेंटवर तेव्हा नियंत्रण होतं, कोटा सरकार देणार. बिल्डरांना कोटा आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसारख्या ट्रस्टांना देणग्या, यांचा एकमेकांशी संबंध आहे असा आरोप. भाजपच्या रामदास नायकांनी १ सप्टेंबर १९८१ ला राज्यपालांकडे अर्ज केला की पदावरच्या मुख्यमंत्र्यांवर खटला भरायची मंजुरी द्या. १२ जानेवारी १९८२ ला मुंबई हायकोर्टाच्या न्या. लेंटिन यांनी, दुसऱ्याच एका याचिकेत, कोटा आणि देणगीचा संबंध होता असा निकाल दिला आणि अंतुले गेले. मंजुरी आली कधी? जुलै १९८२ मध्ये. म्हणजे पदावरच्या मुख्यमंत्र्यावर खटला चालवता येतो का, या प्रश्नाचं उत्तर मुख्यमंत्री पदावरून गेल्यावर सहा महिन्यांनी मिळालं.

पुढचं तर ऐकाच. १९८४ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, कोर्टाने दखल घेतली तेव्हा ते मुख्यमंत्री नव्हते, मग मंजुरी लागतच नव्हती. लवकर निकाल लागावा म्हणून खटला हायकोर्टात पाठवला. तिथे तो बराच पुढे गेलेला असताना १९८८ च्या एप्रिलमध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं की तसं पाठवणंच चुकीचं होतं, कायद्यात विशेष न्यायाधीश म्हटलंय, परत पाठवा. सात वर्षं गेली आणि गाडी पुन्हा शेडमध्ये. अंतुल्यांना त्या प्रकरणात शिक्षा झाली नाही. ते पुढे दोनदा केंद्रात मंत्री झाले. ते दोषी होते असं मी म्हणत नाही, तो अधिकार मला नाही. कोर्टाने शेवटपर्यंत स्वच्छ हो किंवा नाही म्हणावं आणि ते वेळेत म्हणावं, एवढंच मागणं आहे. निर्दोष माणसालाही ते हवंच असतं की.

बरं, हे जुनं झालं म्हणाल. २००८ च्या नोव्हेंबरात सुब्रमण्यम स्वामींनी ए. राजांवर खटल्याची मंजुरी पंतप्रधानांकडे मागितली. उत्तर यायला सोळा महिने लागले. २०१२ च्या निकालात न्या. गांगुलींनी सुचवलं की मुदतीत निर्णय आला नाही तर मंजुरी मिळाली असंच धरा, संसदेने विचार करावा. संसदेने २०१८ ला कायदा बदलला. काय बदलला? निवृत्त झालेल्यांच्या खटल्यालाही मंजुरी लागेल असं केलं, आणि मुदत तीन महिने, कारण लिहून आणखी एक. पण वाक्याची रचना बघा: निर्णय कळवण्याचा "प्रयत्न करील". आमच्या धंद्यात क्लायंटच्या करारात कुणी असं लिहिलं तर क्लायंट हसत हसत उठून जाईल. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुदत बंधनकारक आहे असं ठणकावलं खरं, पण उशीर झाल्यास पुढे काय? उशीर करणाऱ्यावर कारवाई. कारवाई कुणी करायची? केंद्रीय दक्षता आयोगाने.

यावर आमच्या एका गुरुजींचा आक्षेप असा, की मंजुरी काढली तर प्रामाणिक अधिकाऱ्यावर रोज एक खोटी केस पडेल. मान्य आहे. माझे एक मेहुणे सरकारी नोकरीत आहेत, मला त्यांची काळजी आहे. मंजुरी ठेवा ना! पण घड्याळ लावून ठेवा. चार महिन्यांत नकार आला नाही तर होकार समजा. नकार द्यायचा तर कारणासकट, सही करून, तक्रारदाराच्या हातात. यात प्रामाणिक माणसाचं काय जातं? त्याला लवकर नकारच मिळेल.

माझा राग पुस्तकी नाही. राहात्याजवळ आमच्या काकांची पेरूची बाग आहे. आजोबा गेल्यावर वारस नोंदीसाठी एका कार्यालयातल्या एकाने पाच हजार मागितले. काका आयुष्यात कुणाशी भांडलेले नाहीत, पण लाचलुचपतवाल्यांकडे गेले. २०१९ च्या नोव्हेंबरात सापळा लागला, पावडर लावलेल्या नोटांसकट माणूस पकडला गेला. तो निलंबित झाला, काही महिन्यांनी दुसऱ्या तालुक्यात हजरही झाला. मंजुरीची फाईल दोन वर्षं सात महिने "वर" होती. "वर" म्हणजे कुठे, हे काकांना कुणी सांगितलं नाही. ते दर सोमवारी विचारायला जायचे, मग महिन्याने जायला लागले, मग सणावारी. राष्ट्रपतिपदाची पाच वर्षं नक्की कधी संपणार हे तारखेनिशी सांगता येतं. त्या फाईलचं सांगता येत नव्हतं. आणि टपरीवर कुणालाही त्या फाईलवर अर्धा तास वाद घालावासा वाटत नाही.

दिल्लीला मात्र आता दुसऱ्या टोकाची घाई झाली आहे. मार्च २०२४ मध्ये केजरीवालांना मुख्यमंत्री असताना अटक झाली. २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत घटनादुरुस्तीचं विधेयक आलं, की पंतप्रधान, मुख्यमंत्री, मंत्री तीस दिवस कोठडीत राहिले तर पद जाईल. ते संयुक्त समितीकडे पाठवलं गेलं. म्हणजे दोषी ठरायच्या आधी, नुसत्या कोठडीवर खुर्ची जायची, आणि खटला सुरू व्हायला मंजुरी लागते ती तशीच. कोठडी पोलिसांच्या हातात, मंजुरी सरकारच्या हातात, कोर्टाच्या हातात काय, तर तारखा.

असो. काकांना अखेर समन्स आलंय, पुढच्या महिन्यात साक्ष आहे नगरला (आता अहिल्यानगर, पण काकांच्या तोंडी नगरच). मी रजा टाकली आहे, सोबत जाणार. रविवारी संध्याकाळी निघायच्या आधी त्यांच्याकडे गेलो तर ओट्यावर बसून जुनी वही उघडली होती. दहा नोटांचे नंबर त्यांनी तेव्हा लिहून ठेवलेत. म्हटलं, "काका, नंबर पंचनाम्यात आहेत, तुम्ही पाठ करायची गरज नाही."

"तू जा, तुला उशीर होईल," म्हणाले, आणि पुन्हा पहिल्या नोटेपासून सुरू केलं.