पहिल्या काही तासांची नोंद

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये २४ तासांत १८ रुग्णांचा मृत्यू झाला, तेव्हा राज्यभर खळबळ उडाली. चौकशी समिती नेमली गेली. मृतांपैकी अनेक जण अत्यवस्थ अवस्थेतच दाखल झाले होते, असे प्रशासनाने सांगितले. मात्र यातला कोणता मृत्यू टळू शकला असता, हा वैद्यकीय प्रश्न त्यापुढचा आहे. रुग्ण दारात किती वाजता आला, किती मिनिटांनी तपासला गेला, त्याआधी किती दवाखाने फिरला, हे माहीत असल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही. आणि ही नोंद त्या त्या क्षणीच करावी लागते. नंतर आठवून लिहिलेल्याला फारसा अर्थ नसतो.

अशा नोंदीतून काय साधते, याचे उत्तम उदाहरण महाडमध्ये आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि मुले एका रात्रीत दगावत होती. भरपूर घाम, उलट्या, थंडगार पडलेले हातपाय, मग धाप आणि फेसाळ थुंकी, असा हा क्रम. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब आणि लक्षणे तासातासाला टिपली. १९८२ मध्ये ही निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

या नोंदींतून मृत्यूचे कारण उलगडत गेले. विषामुळे शरीरात अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर असह्य ताण पडतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. म्हणजे त्या काळी सर्रास दिली जाणारी अॅलर्जीची इंजेक्शने आणि स्टेरॉइड मूळ दुखण्याला हातच लावत नव्हती. बावस्करांनी रक्तदाबावरची प्रॅझोसिन ही स्वस्त गोळी वापरून पाहिली. पूर्वी गंभीर दंशाचे साधारण ३० टक्के रुग्ण दगावत. ही गोळी वेळेत मिळू लागल्यावर ते प्रमाण अगदी थोड्या टक्क्यांवर आले. पुढे त्यांनी प्रॅझोसिनसोबत विंचवाची प्रतिलस देऊन ७० रुग्णांवर तुलना केली. दहा तासांनंतर प्रतिलसही दिलेल्या ३५ पैकी ३२ जण पूर्ण बरे झाले होते, तर केवळ प्रॅझोसिन दिलेल्या ३५ पैकी ८. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हा अभ्यास छापला. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

या संशोधनाची सुरुवात झाली ती घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र आणि वही यांवर. शिवाय रुग्ण शेवटपर्यंत त्याच डॉक्टरच्या नजरेखाली होता. ठाणे-कल्याण पट्ट्यात नेमके हेच अवघड आहे. मुरबाड-शहापूरचा सर्पदंश, रेल्वे रुळांवरचा जखमी, डोंबिवलीतला हृदयविकाराचा झटका, असे सगळेच इथे येतात. डोंबिवलीच्या शास्त्रीनगर किंवा कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयातून अत्यवस्थ रुग्णाला कळव्याला आणि तिथून शीव किंवा केईएमला पाठवणे नवे नाही. प्रत्येक टप्प्यावर नवा केसपेपर निघतो, पाळी संपली की डॉक्टर बदलतात. ज्याने रुग्ण पाठवला, त्याला पुढे काय झाले हे बहुधा कळतच नाही. मग आपल्या निर्णयातून शिकायचे कसे?

आपत्कालीन वैद्यक ही स्वतंत्र शाखा म्हणून देशात २००९ मध्ये मान्य झाली. राज्यात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. मनुष्यबळ आणि खाटा वाढायलाच हव्यात. पण नोंद त्यासाठी थांबायची गरज नाही. केसपेपरवर आगमन, पहिली तपासणी, पहिला उपचार आणि रवानगी या चार वेळा लिहिल्या जाव्यात. पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, ते आधीच्या रुग्णालयाला कळावे. दरमहा मृत्यूंचा आढावा दोषी शोधण्यासाठी नव्हे, तर उशीर कुठे झाला हे पाहण्यासाठी व्हावा. आधीच दमलेल्या निवासी डॉक्टरांवर हे काम टाकून भागणार नाही; त्यासाठी नोंद लिपिक नेमावा लागेल. एका डॉक्टरच्या चिकाटीवर महाडमध्ये जे झाले, ते लाखोंच्या शहरांत यंत्रणेनेच करायला हवे.

नातेवाइकांनाही यात वाटा उचलता येतो. दंश, अपघात किंवा छातीत दुखणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी आणि आधीचे सर्व कागद सोबत न्यावेत. विंचू चावल्यावर घाम, उलट्या किंवा हातपाय थंड पडणे दिसले, विशेषतः लहान मुलांत, तर झाडपाला आणि मांत्रिकात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे.