डोंग्याचा तळ कोण तपासणार?

जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत डोंगा उलटला आणि पलीकडे मिरचीतोडणीला निघालेल्या सहा महिला बुडाल्या. अशा दुर्घटनेनंतर चर्चा होते ती किती माणसं बसवली होती, लाइफ जॅकेट होती का आणि पूल कधी होणार याची. हे प्रश्न रास्तच आहेत. पण वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती, पर्लकोटा या नद्यांवर माणसं वाहणाऱ्या नावांच्या तळाची दरवर्षी तपासणी व्हावी, ही मागणी मात्र कुणी करत नाही. माझ्या मते चंद्रपूर-गडचिरोलीच्या नदीसुरक्षेची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

समुद्रावर तळाची काळजी टाळताच येत नाही, कारण खारं पाणी ती आठवण रोज करून देतं. बार्नेकलसारखे कवचधारी जीव आणि शेवाळ तळाला चिकटतात, शिडाच्या बोटीचा वेग मारतात. लाकूड पोखरणारे जीव तर फळ्याच खाऊन टाकतात. म्हणून अठराव्या शतकात इंग्रजांच्या आरमाराने जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. आज त्या जागी तांब्याची संयुगं हळूहळू सोडणारा रंग लावतात. तो झिजला की बोट वर काढायची, खरवडायची, पुन्हा रंगवायची. या रंगाने जीव चिकटत नाहीत हे खरं, पण त्याहून मोठा फायदा असा की त्याच्या निमित्ताने तळ ठरावीक काळाने डोळ्यांखालून जातो. गोड्या पाण्यात बार्नेकल नाहीत, तशी नियमित तपासणीही नाही. फळी कुजली तरी ती पाण्याखालीच राहते.

मग समुद्राचाच रंग इथे का आणू नये? चकचकीत डबा दिसला की हा मोह होणार, आणि तो टाळलाच पाहिजे. तो रंग विषारी असतो, त्याचं कामच ते आहे. ट्रायब्युटिलटिन हे कथिलाचं संयुग असलेले रंग एकेकाळी फार प्रभावी मानले जात. फ्रान्समधल्या आर्काशोंच्या खाडीत त्यांनी कालवांची पैदास बसवली, कवचं वेडीवाकडी केली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींवर त्यांना बंदी घातली. जागतिक करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये लागू झाला. तांबं त्यापेक्षा सौम्य असलं तरी मासे आणि जलकीटकांना ते अल्प प्रमाणातही बाधतं, विशेषतः कमी क्षारांच्या पाण्यात. ज्या नद्यांवर ढीवर समाजाची मासेमारी चालते, ज्या इरई धरणाचं पाणी चंद्रपूर शहर पितं, तिथे ज्या शत्रूचा पत्ताच नाही त्याच्यासाठी विष कशाला सोडायचं? शिवाय अॅल्युमिनियमच्या बोटीला तांब्याचा रंग लावला तर धातूला भोकं पडू शकतात. मदतकार्याच्या बोटी खरेदी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

इथे हवी ती साधी, वेळखाऊ डागडुजी. उन्हाळ्यात नाव वर ओढावी, पालथी घालून सावलीत सुकू द्यावी. ओल्या लाकडावर डांबर फासलं तर ते धरत नाही आणि आतली कूज झाकली जाते. म्हणून आधी जुना थर खरवडायचा, मग टोकदार आरी फळीत टोचून पाहायची. ती सहज आत गेली तर फळी बदलायलाच हवी. गंजलेल्या खिळ्याभोवतीचं भोक रुंदावतं, तेही बघायचं. त्यानंतर सांधे काथ्याने ठासून भरायचे आणि शेवटी डांबर.

यावर पहिला आक्षेप असा, की नावा गळतीने नव्हे, जास्त माणसांनी उलटतात. पण या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. पाच मीटर लांब, एक मीटर रुंद सपाट तळात पाच सेंटिमीटर पाणी साचलं तर त्याचं वजन २५० किलो भरतं, म्हणजे चार प्रौढ माणसांइतकं. त्यात हे भाडं न देणारे प्रवासी जागेवर बसत नाहीत. नाव कलली की सारं पाणी त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. कोरड्या नावेत दहा माणसं चालत असतील, तर गळक्या नावेत दहा ही मर्यादा पाळूनही धोका उरतोच. माणसांचा आकडा ठरवताना आधी तळ पाहायला हवा.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि तो मला खरा वाटतो. नाव आठवडाभर वर काढली की नावाड्याची तेवढी कमाई बुडते, लाकूड-डांबराचा खर्च वेगळा. केवळ दंडाची भीती दाखवली तर तो तपासणी चुकवेल, आणि त्याचा दोष त्याला देता येणार नाही. म्हणून सामान आणि बुडालेल्या दिवसांचा मोबदला जिल्हा नियोजनाच्या निधीतून द्यावा. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बिनयंत्राच्या नावांची नोंद स्थानिक पातळीवर करण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीने नावांची यादी करावी, जुन्या जाणत्या कारागिराला तपासणीत बसवावं, नावेवर तारीख आणि माणसांची मर्यादा रंगवून घ्यावी.

पूल होत आहेत, मग हे कशासाठी, असंही विचारलं जाईल. पूल हवेतच. पण पुलाचा वळसा दूरचा असेल तर समोरच्या काठावरच्या शेतात मजुरीला जाणारी बाई जवळचा डोंगाच धरणार, आणि मासेमारीला तर पुलाचा काही उपयोग नाही. एप्रिल-मे महिन्यांत नदी उतरते, काठ उघडे पडतात, तेव्हा नावा वर ओढणं सोपं जातं. यादी त्याआधी, मार्चमध्येच तयार व्हायला हवी.