गोल फिरतोय, पण दिसत नाही

तुमचा पहिला प्रोग्रॅम कुठला होता? 'हॅलो वर्ल्ड', मग दोन आकड्यांची बेरीज, मग ताऱ्यांचा पिरॅमिड... बरोबर ना? तो पिरॅमिड आमच्या बॅचमधल्या कित्येकांनी चक्क पाठ केला होता. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात यातल्या कशानेच होऊ नये. पहिल्याच दिवशी स्क्रीनवर काहीतरी हललं पाहिजे. साधा गोल का असेना!

कोणी म्हणेल, टर्बो सीमध्ये ग्राफिक्स होतंच की. होतं. 640 बाय 480 ची स्क्रीन, 16 रंग, आणि बीजीआय फोल्डरचा पाथ देताना दोनच्या जागी एक बॅकस्लॅश पडला की सगळं बोंबललं. ते 90 च्या दशकातलं सॉफ्टवेअर आमच्या कॉलेजात 2016 सालीसुद्धा डॉसबॉक्समध्ये चालू होतं. असो. त्यात गोल हलवायचा म्हणजे जुना गोल काळ्या रंगाने पुसायचा, जरा पुढे नवा काढायचा, थोडं थांबायचं, परत पुसायचं. नवख्या पोराचा सगळा जीव पुसण्यातच जायचा.

यावर उत्तर आपल्याच राज्यात तयार झालंय. आयआयटी मुंबईच्या अभिराम रानडे सरांनी सी प्लस प्लस शिकवण्यासाठी 'सिंपलसीपीपी' नावाची लायब्ररी केली. 2014 साली आलेलं त्यांचं पुस्तकही तिच्यावरच उभं आहे. पहिल्याच धड्यात कासव चौरस काढतं: पुढे जा, 90 अंशांत वळ, असं चार वेळा. (कासवाची मूळ कल्पना लोगोची, आणि ती भाषा 1967 ची!) पुढे 'सर्कल' म्हटलं की गोल येतो, 'मूव्ह' म्हटलं की सरकतो. पुसापुशी लायब्ररी बघते.

दिवाळीत बोरी बुद्रुकला ताईकडे गेलो होतो, तेव्हा आठवीतल्या भाच्याला हे लावून दिलं. जुन्नर तालुक्यातलं पोरगं, काय काढणार? बैलगाडा! शर्यतींवर 2014 साली सुप्रीम कोर्टाची बंदी आली, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी मिळाली, पण वेड काही कमी झालं नाही. तर, बैल म्हणजे दोन चौकोन, गाडा म्हणजे एक आयत आणि बाजूने दिसतं ते एक चाक. गाडा पळाला. साहेब नाराज. "मामा, चाक फिरत नाहीये, नुसतं घसरतंय."

चाक फिरत होतं, प्रोग्रॅममध्ये ती ओळ होती. पण नुसता गोल कितीही फिरवला तरी दिसणार काय? मग त्याने मधून आऱ्याची एक रेघ टाकली. आता चाक इतकं गरागरा फिरायला लागलं, की गाडा चिखलात रुतलाय असं वाटावं. मग खरा प्रश्न आला: एक पिक्सेल पुढे गेल्यावर किती फिरवायचं? त्रिज्या 30 पिक्सेल, म्हणजे परीघ साधारण 188. तेवढं अंतर गेल्यावर एक फेरी, म्हणजे दर पिक्सेलला जवळजवळ 2 अंश. 'टू पाय आर' त्याला पाठच होतं. ते चाकाच्या कामाचं आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"हे सगळं खेळणं झालं, इंडस्ट्रीत उपयोग काय?" असं ऑफिसमधला एक मित्र म्हणाला. अरे बाबा, पिरॅमिड तरी कुठल्या प्रोजेक्टमध्ये छापलास? पिरॅमिड चुकला की पोरगं वहीतल्या उत्तराशी ताडून बघतं. चाक चुकलं की त्याला आपलं आपणच कळतं, कारण खरा गाडा त्याने पाहिलेला असतो. चूक दाखवायला सर लागत नाहीत.

माझ्याही दोन तक्रारी आहेत. एक म्हणजे मराठी माध्यमाच्या पोराला वळण्यापेक्षा 'फॉरवर्ड'चं स्पेलिंग जड जातं. आणि दुसरी, पुसणं कायमचं झाकून ठेवू नये. दुसऱ्या महिन्यात एकदा तरी हाताने पुसायला लावावं, म्हणजे हलणं हा डोळ्यांना दिलेला चकवा आहे हे समजतं.

पहिल्या सेमिस्टरचा अख्खा सिलॅबस बदला असं मी म्हणत नाही. ताऱ्यांच्या पिरॅमिडची दोन प्रॅक्टिकल्स काढा आणि तिथे एक चाक द्या, बस्स.